कुणाची तू?



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते त्या बाईंनी हयातभर वाचनालय सांभाळलं. वाचकानं एक पुस्तक मागितलं की शेजारचं दुसरंही त्या काढून देत, असं इथले जुने सभासद सांगतात. त्यांच्या नावानं बोलायचं तर एखाद्या पुस्तकाबद्दलच बोलावं, असं मला वाटलं. पुस्तकाचं नाव 'रेनी', लेखक क्लाइड एजर्टन. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्यातून १९८५ साली ते प्रसिद्ध झालं. लेखकाची ही पहिलीच कादंबरी, आणि ती विनोदी आहे. स्मृतिव्याख्यानाला विनोदी कादंबरी हा विषय कुणाला हलका वाटेल. मला तो भारी वाटतो. आपलं माणूस कोण, आपलं घर कुठलं, आपली जागा कोणती हे शोधायला निघालेल्या तरुण बाईच्या हाती फार थोडी साधनं असतात. हसवत सांगणं हे त्यातलं एक. ते तिला किती लांबवर नेतं, ते मला आज दाखवायचं आहे. 'रेनी'च्या शेजारची काही पुस्तकंही त्यासाठी काढावी लागतील.

आधी मुलूख समजून घेऊ. अमेरिकेत 'दक्षिण' म्हटलं की नकाशावरच्या दिशेपेक्षा एक इतिहास डोळ्यांपुढं येतो. कापूस आणि तंबाखूची शेती, ती पिकवणारी गुलामगिरी, १८६१ ते १८६५ चं यादवी युद्ध आणि त्यातला पराभव. त्यानंतर कित्येक दशकं चाललेले वर्णभेदाचे कायदे, जे १९६४ आणि १९६५ च्या केंद्रीय कायद्यांनी मोडून काढले. या मुलखात माणूस एकटा नसतो. नवं कुणी भेटलं की विचारतात, तुमची माणसं कोण, चर्च कोणतं. आपल्याला हे नवं नाही. आपल्याकडे पारावर बसलेली म्हातारी माणसं वाटेनं जाणाऱ्या पोरीला 'कुणाची गं तू?' म्हणूनच हाक घालतात. प्रश्न मायेचा असतो. पण मुलीच्या बाबतीत त्याचं उत्तर कायम दुसऱ्याच्या नावानं द्यावं लागतं. आधी बापाच्या, मग नवऱ्याच्या. स्वतःच्या नावानं उत्तर देऊ पाहणाऱ्या मुलीची गोष्ट हाच या सगळ्या पुस्तकांचा विषय आहे.

'रेनी'चं मूळ एका लघुकथेत आहे. यूडोरा वेल्टी ही मिसिसिपी राज्यातल्या जॅक्सन शहरातली लेखिका. १९३० च्या दशकात, मंदीच्या काळात, ती एका सरकारी योजनेत प्रसिद्धीचं काम करत होती. त्या निमित्तानं ती मिसिसिपीभर हिंडली आणि तिनं असंख्य फोटो काढले. एका खेडेगावच्या पोस्टाच्या मागच्या बाजूला एक बाई कपड्यांना इस्त्री करत असलेली तिला दिसली. त्या दृश्यातून १९४१ ची 'व्हाय आय लिव्ह अॅट द पी. ओ.' ही कथा निघाली. तिची निवेदिका गावची पोस्टमास्तर आहे. धाकटी बहीण नवऱ्याला सोडून एक लहान मुलगी घेऊन माहेरी परतते, मुलगी दत्तक घेतलेली आहे असं सांगते, आणि घरातला एकेक माणूस थोरलीच्या विरुद्ध उभा राहत जातो. शेवटी ती आपल्या मालकीची एकूण एक वस्तू, अगदी कुंडीतल्या झाडापर्यंत, गोळा करते आणि पोस्टातच राहायला जाते. आपण हसून हसून बेजार होतो. हसू ओसरल्यावर ध्यानात येतं की या बाईला घर उरलेलं नाही, आणि आपण सुखी आहोत हे पटवण्यासाठी ती आपल्याशी एवढं बोलते आहे. पुढं या कथेला एक अनपेक्षित वारसा मिळाला. १९८८ साली स्टीव्ह डॉर्नर या संगणक अभियंत्यानं ईमेलची एक प्रणाली तयार केली आणि या कथेच्या आठवणीनं तिला 'यूडोरा' हे नाव दिलं.

१४ मे १९७८ रोजी वेल्टीनं ही कथा दूरचित्रवाणीवर वाचली. तेव्हा तिशी ओलांडलेला क्लाइड एजर्टन ते वाचन ऐकत होता. तो नॉर्थ कॅरोलायनातल्या डरहॅमजवळच्या बाप्टिस्ट कुटुंबातला. हवाई दलात वैमानिक होता, पुढं शिक्षक झाला. त्या संध्याकाळी त्यानं लेखक व्हायचं ठरवलं. त्यानं जे ऐकलं ते काय होतं, हे नीट कळायला हवं. त्याच्या मावश्या, आत्या जसं बोलत, तसंच कुणीतरी बोलत होतं, मध्ये कुणाची मध्यस्थी नव्हती, आणि ते साहित्य होतं.

मध्यस्थी नव्हती, या गोष्टीवर मी थोडा थांबतो. दक्षिणेतलं विनोदी लेखन जुनं आहे. ऑगस्टस बॉल्डविन लाँगस्ट्रीटचं 'जॉर्जिया सीन्स' १८३५ चं. त्या आणि त्यानंतरच्या कितीतरी पुस्तकांची मांडणी ठरलेली असे. शिकलेला, नीटस भाषा बोलणारा एक सद्गृहस्थ खेड्यात जातो, तिथल्या अडाणी माणसांची बोली ऐकतो आणि आपल्याला ऐकवतो. वाचक त्या सद्गृहस्थाशेजारी उभा राहून हसतो. मार्क ट्वेननं 'हकलबरी फिन'मध्ये त्या सद्गृहस्थालाच घालवून दिलं आणि हकला स्वतःच बोलू दिलं. हे पुस्तक अमेरिकेत १८८५ साली निघालं. हसायला उभं राहायची सुरक्षित जागा वाचकापासून काढून घेतली गेली, आणि आधुनिक अमेरिकन कादंबरी बरीचशी या एका कृतीतून वाढली असं मी मानतो. पण हक मुलगा होता. घर सोडून तराफ्यावरून नदीत शिरायची मोकळीक त्याला होती. १९८० च्या दशकातल्या दक्षिणेत काही लेखकांनी हा आवाज मुलींना दिला, तेव्हा गोष्टच बदलली. मुलीला नदी नाही. तिला स्वयंपाकघरात, चर्चच्या बाकावर, नातलगांच्या घोळक्यात राहूनच वाट काढायची असते.

'रेनी' हकनंतर बरोबर शंभर वर्षांनी आली. रेनी बेल ही चोवीस वर्षांची मुलगी छोट्या गावात वाढलेली आहे. घराणं फ्री विल बाप्टिस्ट. नॉर्थ कॅरोलायनात या पंथाची मुळं १७२७ पर्यंत जातात. दारू वर्ज्य. कळत्या वयात पाण्यात पूर्ण बुडून घेतलेला बाप्तिस्मा तेवढाच खरा. आणि एकमेकांचे पाय धुणं हा त्यांच्या उपासनेचा भाग आहे. रेनीचं लग्न ठरतं ते चार्ल्स शेफर्डशी. तो अटलांटाचा, एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात काम करणारा, उदारमतवादी, एपिस्कोपल पंथाचा. त्याच्या चर्चमध्ये पवित्र सहभागाला वाइन असते आणि तान्ह्या मुलांचा बाप्तिस्मा होतो. दोघंही गोरे, दोघंही ख्रिस्ती, दोघंही दक्षिणेतलेच. बाहेरच्याला फरक दिसणारसुद्धा नाही. घरात मात्र तो रोज दिसतो. पुस्तकाच्या तीन भागांपैकी मधल्याचं नावच 'सिव्हिल वॉर' आहे. दक्षिणेत हे शब्द मोठ्या युद्धासाठी राखलेले असतात. एजर्टननं ते नवराबायकोच्या भांडणाला लावले.

भांडणाचे विषय वाचकांनी स्वतः वाचावेत इतके ते जिवंत आहेत. लग्नाच्या रात्री चार्ल्स शँपेनची बाटली काढतो आणि रेनीच्या पायाखालची जमीन सरकते. तिची आई दार न वाजवता त्यांच्या घरात येते. चार्ल्सला हे अतिक्रमण वाटतं. आईनं लेकीच्या घरी येताना दार का वाजवावं, हेच रेनीला कळत नाही. चार्ल्स म्हणतो समुपदेशकाकडं जाऊ. घरातल्या गोष्टी परक्यापुढं मांडायच्या, ही कल्पनाच रेनीला सोसवत नाही. हे सगळं ती आपल्याला सांगते ते साक्षीदार म्हणून. तुम्हीच सांगा, माझं काही चुकलं का, असा तिचा सूर आहे. आई काय म्हणाली, मावशी काय म्हणाली, मग मी काय म्हणाले, हे ती शब्दन् शब्द सांगते. आणि ती प्रामाणिक असल्यामुळंच तिला न दिसणाऱ्या गोष्टी तिच्या सांगण्यातून आपल्याला दिसायला लागतात.

एजर्टनची खरी करामत यापुढं आहे. शिकलेला वाचक सुरुवातीला चार्ल्सच्या बाजूला जाऊन उभा राहतो. शंभर वर्षांपूर्वी ट्वेननं घालवून दिलेला तो सद्गृहस्थ जणू चार्ल्सच्या रूपानं परत आला, आणि आपल्याला हसायला जागा मिळाली. लेखक ही जागा फार वेळ राहू देत नाही. चार्ल्सचे विचार मोठे आहेत, पण जेवणाच्या टेबलावर शेजारी बसलेल्या म्हातारीच्या गप्पा त्याला सोसत नाहीत. साऱ्या जगावर प्रेम करणं त्याला जमतं, सासुरवाडीवर जमत नाही. रेनीचं नेमकं उलट आहे. रेनीच्या नेट मामाचा प्रसंग घ्या. दुसऱ्या महायुद्धातून तो शरीरानं आणि मनानं होरपळून परतलेला आहे, पितो, बहिणी त्याला सांभाळतात. चार्ल्सच्या मते हा आजार आहे, त्याला डॉक्टरांकडं न्यायला हवं. घरच्यांच्या मते तो आपला माणूस आहे, आपण त्याला जपतोच आहोत. नेट मामा आत्महत्या करतो, आणि विनोदी कादंबरीच्या मधोमध हे मरण तसंच उभं राहतं. चार्ल्सचं बरोबर होतं. तरी मामाची उष्टीखरकटी काढायला, त्याला रात्री दारातून आत आणायला तो नव्हता, त्या बहिणी होत्या. लेखक कुणालाही जिंकू देत नाही. मला हे पान या पुस्तकातलं सर्वांत मोठं वाटतं.

रेनीला आपलेपणाची वाण नाही. तिच्या शोधाचं वेगळेपण मला इथं दिसतं. तिला तो इतका मिळालेला आहे की त्याच्या भिंती तिला कधी दिसल्याच नाहीत. चार्ल्सचा सैन्यातला जिवलग मित्र जॉनी डॉब्स कृष्णवर्णीय आहे. तो भेटीला यायचा म्हटल्यावर त्यानं आपल्या घरी उतरू नये, हॉटेलात राहावं असं रेनी सुचवते. तिच्या मनात द्वेष नाही. तिच्या मते ती रीत आहे. ही कबुली तिच्याच तोंडून, अगदी सहज येते, म्हणून ती जास्त लागते. कादंबरीत पुढं दोन वर्षांहून थोडा अधिक काळ जातो. रेनी भाषण करत नाही, तिला साक्षात्कार होत नाही. ती गाते, चार्ल्स वाद्य वाजवतो, जुनी गाणी दोघांना एकत्र बसवतात. थोडं ती सरकते, थोडा तो. पुस्तकाची सुरुवात स्थानिक वर्तमानपत्रातल्या लग्नाच्या बातमीनं झालेली आहे, शेवटही तसल्याच एका बातमीनं होतो: बाळाचा बाप्तिस्मा एपिस्कोपल चर्चमध्ये झाला, आणि धर्मपित्याच्या जागी नाव आहे जॉनी डॉब्सचं. रेनी त्यावर एक शब्द बोलत नाही. दोनशे पानं सतत बोलणाऱ्या बाईनं सर्वांत मोठी गोष्ट बातमीवर सोडून दिली आहे.

हे पुस्तक आलं तेव्हा एजर्टन बुईज क्रीकच्या कॅम्बेल विद्यापीठात शिकवत होता. ती बाप्टिस्टांची संस्था. कादंबरी संस्थेच्या उद्देशाशी जुळते का, असा प्रश्न तिथं उपस्थित झाला, त्याच्या नेमणुकीचं नूतनीकरण अडलं, आणि तो दुसऱ्या महाविद्यालयात निघून गेला. मला हे दुःखाचं वाटतं. ज्या माणसांवर त्यानं इतक्या प्रेमानं लिहिलं, त्यांच्यापैकीच काहींना त्यात निंदा दिसली. विनोदाकडं पाहण्याची ही नजर आपल्याकडंही आहे. कुणी हसवत आपल्याबद्दल बोललं की तो आपल्याला हसतो आहे, असंच आपण धरून चालतो.

इथं मला लक्ष्मीबाई टिळकांबद्दल बोललंच पाहिजे. 'स्मृतिचित्रे' कादंबरी नाही, आत्मचरित्र आहे, आणि १९३४ पासून भागाभागानं प्रसिद्ध झालं. पण नवऱ्याचा पंथ वेगळा झालेल्या, आवाजावर जगणाऱ्या, हसवत सांगणाऱ्या बाईचं पुस्तक म्हणून रेनीच्या शेजारी ठेवायला मला जगात यासारखं दुसरं सापडत नाही. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली ख्रिस्ती धर्म स्वीकारला. लक्ष्मीबाईंचं माहेर, सासर, पंगतीतलं पान, सगळं एका दिवसात डळमळलं. काही वर्षं त्या वेगळ्या राहिल्या. मग नवऱ्याकडं गेल्या, तरी सोवळं आणि स्वयंपाक वेगळा ठेवला. ते सोवळं एकेक करून कसं गळालं आणि पुढं त्या स्वतः कशा ख्रिस्ती झाल्या, हे त्या सांगतात. वडिलांच्या घरातलं धुण्याधुपण्याचं वेड त्या सांगतात तेव्हा आपण हसतो, आणि त्याच क्षणी त्या घरातल्या बायकांचे हाल दिसतात. रेनी भिंतींच्या आत बसून सांगते, लक्ष्मीबाई पलीकडं जाऊन मागं वळून सांगतात. सांगण्याची जात एक आहे. शाळेचं फारसं शिक्षण नसलेल्या या बाईनं मराठी बोलीला जे गद्य दिलं त्याला तोड नाही. तरीही मराठी विनोदाची परंपरा सांगताना आपण कोल्हटकर, गडकरी, चिं. वि. जोशी, अत्रे, पु. ल. अशी नावं घेतो आणि लक्ष्मीबाईंना आत्मचरित्रांच्या कपाटात ठेवतो. हे बदलायला हवं, असं मला अगदी मनापासून वाटतं. दुःख सोसलेली बाई विनोदकार असू शकत नाही, असं कुणी ठरवलं?

पुन्हा अमेरिकेतल्या दक्षिणेत येऊ. दुसरं पुस्तक थोडक्यात. फॅनी फ्लॅग ही अलाबामाच्या बर्मिंगहॅमची. खरं नाव पॅट्रिशिया नील. त्याच नावाची प्रसिद्ध अभिनेत्री आधीच होती, म्हणून रंगभूमीवर येताना नाव बदलावं लागलं. तिला अक्षरांची अडचण होती, स्पेलिंगं चुकत, आणि लेखक होण्याची हिंमत त्यामुळं कित्येक वर्षं होत नव्हती. मग तिनं अकरा वर्षांच्या मुलीच्या रोजनिशीचं रूप घेतलं. चुका त्या मुलीच्या झाल्या. १९८१ साली 'कमिंग अॅट्रॅक्शन्स' ही तिची पहिली कादंबरी आली. तीच पुढं 'डेझी फे अँड द मिरॅकल मॅन' या नावानं पुन्हा निघाली. १९५२ मध्ये सुरू होणारी ही रोजनिशी. बाप दारुडा, हजार योजना करणारा आणि एकही तडीला न नेणारा. पैशासाठी एका उपदेशकाच्या संगनमतानं तो पोरीला मेल्याचं सोंग करायला लावतो, म्हणजे चमत्कारानं तिला जिवंत करता येईल. मोठेपणी ती सौंदर्यस्पर्धेत उतरते. फ्लॅग स्वतः अलाबामात अशा स्पर्धांत उतरलेली होती, त्यामुळं पडद्यामागचे तपशील खरे वाटतात. पुस्तक मजेदार आहे, पण शेवटाकडं प्रसंगांची गर्दी होते आणि मुलीचा आवाज त्यात दबतो. फ्लॅगची १९८७ ची पुढची कादंबरी 'फ्राइड ग्रीन टोमॅटोज अॅट द व्हिसल स्टॉप कॅफे' याहून कितीतरी सरस आहे.

आता तिसरं पुस्तक, ज्याच्याशिवाय मी आज बोललोच नसतो. चॅपेल हिल इथं १९८३ साली लुईस रूबिन या प्राध्यापकांनी शॅनन रॅव्हनेल यांच्याबरोबर अल्गॉन्क्विन बुक्स ही प्रकाशनसंस्था काढली. न्यूयॉर्कच्या नजरेत न भरणाऱ्या दक्षिणेतल्या नव्या लेखकांना दार मिळावं हा हेतू. 'रेनी' त्यांनीच काढली. रूबिन यांची एक विद्यार्थिनी होती के गिबन्स, त्याच राज्यातल्या नॅश काउंटीची, १९६० ची. लहानपणीच तिच्या आईनं आत्महत्या केली होती. तिनं 'एलन फॉस्टर' लिहिली. १९८७ मध्ये ती आली तेव्हा गिबन्स तिशीच्या आतच होती. पहिल्या कादंबरीसाठीचा सू कॉफमन पुरस्कार तिला मिळाला, आणि दहा वर्षांनी ओप्रा विन्फ्रीनं आपल्या वाचकमंडळासाठी ती निवडल्यावर ती घराघरात गेली.

एलन दहाअकरा वर्षांची आहे. आई हृदयाच्या गोळ्या जास्त घेऊन मरते. बाप दारुडा, आणि पोरीला त्याच्यापासून जपून राहावं लागतं. ती एकटी बाजारात जाऊन गोठवलेल्या जेवणाची पाकिटं आणते, घरखर्चाचा हिशेब ठेवते, नाताळला स्वतःसाठीच भेटवस्तू बांधून ठेवते. मग चित्रकलेच्या शिक्षिकेकडं थोडे सुखाचे दिवस जातात, तोवर न्यायालय तिला आजीच्या ताब्यात देतं. आजी तिच्यात तिचा बाप बघते आणि तिला कापसाच्या शेतात राबायला पाठवते. आजी गेल्यावर मावशी, आणि मावशीच्या घरात तिला जागा नाही. ऐन नाताळाच्या दिवशी ती साठवलेले १६६ डॉलर घेऊन निघते आणि चर्चमध्ये पाहिलेल्या एका बाईच्या दारात जाऊन उभी राहते. ही बाई अनाथ मुलींना आपल्या घरी ठेवते. लोक त्यांना 'फॉस्टर फॅमिली', म्हणजे पालक कुटुंब म्हणत, त्यावरून एलनला वाटलेलं असतं की या कुटुंबाचं आडनावच फॉस्टर आहे. म्हणून तिनं ते आधीच घेऊन टाकलंय. पैसे देऊन राहण्याची तिची तयारी आहे.

हा मजकूर ऐकून तुम्ही विचाराल, यात विनोद कुठं? विनोद एलनच्या कारभारी वृत्तीत आहे. दया नको, हिशेब हवा, अशा थाटात ती बोलते. शाळेतला मानसोपचारतज्ज्ञ तिला शाईचे डाग दाखवतो. या भल्या माणसाचं काही खरं नाही, हे तिला पहिल्याच भेटीत कळतं. मोठी माणसं कशी वागतात याचं ती निरीक्षण करते आणि चांगल्या घराची जमवाजमव कशी होते याची मनात नोंद ठेवते. ती स्वतःवर रडत नाही, म्हणून आपल्याला रडू येतं. इथं हसणं हा त्या मुलीचा पाठीचा कणा आहे. ते काढून घेतलं तर ती कोसळेल, हे तिला ठाऊक आहे.

आणि वर्णाचा प्रश्न गिबन्स एजर्टनपेक्षा खोल नेते. एलनची एकुलती एक मैत्रीण स्टार्लेटा कृष्णवर्णीय आहे. जे घर एलनला खऱ्या अर्थानं आसरा देतं ते स्टार्लेटाचं. तिथं आई आहे, बाप आहे, चूल पेटलेली आहे, मायेनं बोलणं आहे. तरी उपाशी एलन त्यांच्या हातचं खायला कचरते. तिला कुणी न शिकवता हे शिकवलेलं आहे. जगात कुणीही जिला विचारत नाही ती मुलगी, आपण यांच्यापेक्षा वरच्या आहोत एवढी एक गोष्ट घट्ट धरून बसलेली असते. महाराष्ट्रात वाढलेल्या वाचकाला हे समजावून सांगायची गरज नाही. शेवटी नव्या घरात एलन स्टार्लेटाला मुक्कामाला बोलावते. आपण किती वाट चाललो याचा तिला अभिमान वाटतो, आणि शेजारी झोपलेल्या स्टार्लेटाला याहून खडतर वाट चालावी लागली असणार, हे तिला त्याच वेळी उमगतं.

'रेनी'वरचा माझा आक्षेप इथंच येतो. जॉनी डॉब्स चांगला आहे, समजूतदार आहे, आणि जवळपास आवाज नसलेला आहे. त्याला हॉटेलात राहा म्हणणाऱ्या घराबद्दल तो फोन ठेवल्यावर काय म्हणाला असेल? स्टार्लेटाही पुस्तकात बोलत नाही. गोऱ्या मुलीच्या आपलेपणाची मोजपट्टी म्हणून ही माणसं येतात आणि आपलं काम करून जातात. दोन्ही लेखक आपापल्या निवेदिकेशी प्रामाणिक आहेत, पण त्या प्रामाणिकपणाची ही मर्यादा आहे.

त्या माणसांची बाजू ऐकायची तर झोरा नील हर्स्टनकडं जावं लागतं. ती फ्लोरिडातल्या ईटनव्हिल या कृष्णवर्णीयांनी वसवलेल्या आणि चालवलेल्या गावात वाढली. १९३७ ची 'देअर आइज वेअर वॉचिंग गॉड' ही तिची पहिली कादंबरी नव्हे, आणि ती निव्वळ विनोदीही नाही. पण त्यातल्या दुकानाच्या ओसरीवर जमलेल्या माणसांच्या थट्टामस्करीला तोड नाही. त्या ओसरीवर नायिका जेनीला बोलायची बंदी आहे, कारण ती दुकानमालकाची, गावच्या मेयरची बायको. ती ऐकते, मनात रचते, आणि ज्या दिवशी चारचौघांत नवऱ्याला पहिलं जिव्हारी लागणारं उत्तर देते त्या दिवशी सगळं गाव हसतं आणि तिचा संसार संपतो. हसवण्याच्या ताकदीची इतकी मोठी किंमत मी दुसऱ्या कादंबरीत पाहिलेली नाही. रिचर्ड राइट या मोठ्या कृष्णवर्णीय लेखकानंच तेव्हा टीका केली की असं लेखन गोऱ्यांची करमणूक करतं. मला राइटचा राग समजतो. शंभर वर्षं गोरे नट तोंडाला काळं फासून कृष्णवर्णीयांची नक्कल करत आले होते, त्या हसण्याचा वास त्याच्या नाकात होता. पण जेनीचं हसणं तिच्या माणसांसाठी आहे, हे त्यानं ऐकलं नाही. हर्स्टन १९६० मध्ये दारिद्र्यात गेली. तिच्या कबरीवर दगडही नव्हता. १९७३ मध्ये अॅलिस वॉकरनं ती जागा शोधून तिथं शिळा बसवली.

शेवटी एक गोष्ट, जी वाचकांना निराश करणारी वाटते आणि मला तशी वाटत नाही. जवळजवळ दोन दशकांनी गिबन्सनं एलनची पुढची कहाणी लिहिली, 'द लाइफ ऑल अराउंड मी बाय एलन फॉस्टर'. एलन आता पंधरा वर्षांची आहे, नव्या आईच्या घरात रुळलेली आहे, आणि पुस्तकाच्या आरंभी ती हार्वर्ड विद्यापीठाच्या अध्यक्षांना पत्र लिहून लवकर प्रवेश मागते. वाचक म्हणाले, पहिल्या पुस्तकाची धार यात नाही. ते खरं आहे. वाक्यं लांबलेली आहेत, बोलणं कधी कधी फुगतं, कथानक सैल आहे. कादंबरी म्हणून मी ते पहिलीच्या बरोबरीला ठेवणार नाही. पण पहिल्या पुस्तकात एलन तुटक बोलत होती, कारण जास्त बोलायला तिला कुणी वेळ दिलेला नव्हता. पंधरा वर्षांच्या एलनला जेवायला हाक मारणारं कुणीतरी आहे, आणि ती लांबण लावते.